मावशीचे दात आणि माझा कॉम्प्युटर

...आणि वर मलाच विचारतात, तयार का नाही आणला म्हणून! अहो, तयार आणायला काय लागतं? दुकानात जायचं, बोट दाखवायचं, घरी आणून खोका फोडायचा, वायर खुपसायची, झालं. त्यात माणसाचं काय काम? नाही, तुम्हीच सांगा. मी कवळ्या बनवणारा माणूस. दाताच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं येतात, त्यावरून आम्ही मागच्या खोलीत तोंडाला फडकं बांधून एकेक दात लावायचा, घासायचा, पॉलिश करायचा, आणि मग पेशंट हसतो तेव्हा नाव कोणाचं होतं? डॉक्टरांचं! असू दे. पण तुम्हाला सांगतो, कुणाच्या तोंडात काय बसेल आणि काय बसणार नाही, हे मी नुसत्या मापाकडे बघून सांगतो. माझ्या कवळीची तक्रार घेऊन आजवर एक माणूस परत आलेला नाही. एकदा नेली की लोक पुन्हा तोंडसुद्धा दाखवत नाहीत. का? हात बसलाय आपला.

तर अशा माणसाला आमचा सल्लागार शहाणपण शिकवतो. सल्लागार म्हणजे माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. कुठल्याशा ऑफिसात लोकांना सल्ले देण्याचा पगार घेतो, म्हणून मी त्याला सल्लागार म्हणतो. बाकीचे त्याला काही म्हणत नाहीत, त्याचं ऐकतात, तेच तर दुखणं आहे! तर हा मला म्हणाला, दाजी, फोटोच बघायचेत ना, मग एखादा तयार कॉम्प्युटर घ्या, वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही. मी म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एका तोंडात बसवत आलोय, मला काय वॉरंटी सांगतोस?

झालं होतं असं, की मला फोटोचा नाद लागला होता. कुणाला पत्त्यांचा लागतो, कुणाला शेजारच्यांच्या घरात डोकवायचा लागतो, मला फोटोचा लागला. एक जुना पण चांगला कॅमेरा मिळाला, सुट्टीच्या दिवशी गळ्यात अडकवून फिरायचो, जिन्यातली मांजर काढ, गच्चीवरचे कपडे काढ, आईचे हात काढ... फोटो झकास यायचे, पण ते नीटनेटके करायला घरात होता एक लॅपटॉप, मुलीने कॉलेज संपल्यावर टाकून दिलेला. तो फोटो उघडायला सांगितला की आधी धापा टाकायचा. मग स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चाक यायचं. तुम्हाला सांगतो, चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, आणि येऊन बघावं तर आईचं नुसतं कपाळ उघडलेलं! डोळे अजून यायचेत!

तरीसुद्धा चालवून घेतलं असतं हो. पण मग तो फोटो निघाला ना. माझी मावशी, आईची एकुलती एक धाकटी बहीण, ती आता कायमची निघाली होती लेकीकडे, समुद्रापलीकडे. दोघींची वयं झालेली. पुन्हा भेट होणार की नाही, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण दोघी रोज भेटायच्या आणि रोज निघताना दारात उगीच रेंगाळायच्या, त्यावरून कळत होतं. तर एका दुपारी त्या दोघी कुठूनशा फिरून आल्या. मी त्या दिवशी लॅबमधून लवकर आलो होतो, दार मीच उघडलं, आणि मला बघून दोघी एकमेकींकडे बघतात काय, आणि हसत सुटतात काय! अहो, माझ्या उभ्या जन्मात मी या बहिणींना असं तोंड भरून हसताना पाहिलं नव्हतं. एरवी आपलं ओठ मिटून, हाताआड. मी कॅमेरा उचलला, म्हटलं हलू नका, तशाच थांबा, आणि घेतला.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या काचेवर मावशीने तो पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, "बाळ, हा मला मोठा करून दे. तिकडे पलंगासमोर लावीन. सकाळी उठल्यावर ताई दिसली पाहिजे रे." आता सांगा, यावर माणूस काय करेल? सल्लागार लगेच म्हणतो, द्या इकडे, दुकानात देतो, ते रंगबिंग ठीक करून देतील. मी म्हटलं, खबरदार. माझ्या आईचा आणि मावशीचा फोटो परका माणूस ठीक करणार? आणि दोघींच्या तोंडात कवळ्या कोणाच्या हातच्या? माझ्या! मावशी निघायच्या आत हा फोटो मी करणार, माझ्या घरात करणार, मी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर करणार. हात बसलाय आपला.

नवा सोफा घ्यायचं चाललं होतं, तो पुढे ढकलला. हिने फक्त जुन्या सोफ्याच्या बाहेर आलेल्या स्प्रिंगवर माझ्यासाठी उशी ठेवली.

मग दुकान. तिथला माणूस विचारतो, "गेमिंग का?" मी म्हटलं, माझ्याकडे बघून वाटतं का गेमिंग? फोटो करायचेत. तो म्हणाला, मग ग्राफिक्स कार्ड तर लागेलच, आणि एक डबा काढला, विटेएवढा, त्याला तीन पंखे. मी विचारलं, हे कशाला? तर खेळातली माणसं भरभर धावतात, ती अडखळू नयेत म्हणून. अहो, मी म्हटलं, माझ्या फोटोत आई आणि मावशी आहेत, दोघी दारात उभ्या आहेत, त्या कुठे धावायच्यात? ठेव आत. मी घरून सगळं वाचून गेलो होतो. हौसेच्या फोटोंना काय लागतं? बऱ्यापैकी प्रोसेसर, भरपूर मेमरी, फोटो पटकन उघडतील अशी वेगवान डिस्क, आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर. तिथे हात आखडायचा नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. पण बाकी सगळीकडे आखडायचा! कॅबिनेट सगळ्यात स्वस्तातलं मागितलं, तर आता गंमत ऐका, स्वस्तातल्याला दिवे! लाल, हिरवे, जांभळे, लुकलुकणारे. म्हटलं बिनदिव्याचं दे. तर ते महाग! का? तर म्हणे साधेपणाला मागणी आहे. घेतलं दिव्यांचं. आजही तो कॉम्प्युटर चालू केला की बैठकीच्या खोलीत कोणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटतं.

आणि मग मी जुळवायला बसलो. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, लॅबमधून माझी हत्यारं आणली: बारीक चिमटा, मागचं दाखवणारा तो छोटा आरसा, कपाळावरचा दिवा, धूळ उडवायचा फुगा. आई लांबून म्हणाली, "कुणाचं ऑपरेशन आहे?" मी लक्ष दिलं नाही. प्रोसेसर ठेवला, अलगद. त्यावर तो राखाडी लेप लावतात ना, थंड राहावा म्हणून, त्यात लोक म्हणे फार चुकतात, कोणी थापतात, कोणी पुसून काढतात. मी? अहो, हिरडीवर लेप लावण्यात आयुष्य गेलं! एक थेंब, बरोबर मध्ये, बस. कॅबिनेटच्या बटणाच्या त्या केसासारख्या वायरी, ज्यांना भलेभले शिव्या घालतात, त्या मी चिमट्याने एका दमात लावल्या. सल्लागार तोंड उघडं टाकून बघत होता. सगळं बंद केलं, स्क्रू आवळले, घरातल्या सगळ्यांना बोलावलं, बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. लाल, हिरवे, जांभळे. आणि स्क्रीन काळाकुट्ट! पुन्हा दाबलं. पुन्हा तीच रोषणाई, पुन्हा अंधार. आई म्हणाली, छान दिसतंय रे, आणि आत गेली. तिला वाटलं हेच बघायचं होतं. मी दुकानदाराला फोन लावला, त्याने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, मेमरी नीट बसली नसेल, कट् आवाज येईपर्यंत दाबा. दाबा? अहो, आमच्या धंद्यात दाबणं म्हणजे पाप! कवळी कशी बसली पाहिजे? हळूच. फुलासारखी. जोर लावला की पेशंट किंचाळतो. मी ती मेमरीची पट्टी अशी बसवली होती की तिला कळूही नये आपण बसलोय. शेवटी सल्लागार पुढे झाला, म्हणाला दाजी, डोळे मिटा, आणि अंगठ्याने दाबली. कट्! मला वाटलं कोणाचा तरी दात मोडला. पण तुम्हाला सांगतो, लागला की हो स्क्रीन! आणि फोटो? टिचकी मारली की उघडतोय! कपाळ, डोळे, हसू, मागचं दार, सगळं एका क्षणात! माझा चहा ओट्यावर तसाच राहिला. मी म्हटलं, बघ रे सल्लागारा, याला म्हणतात जुळवणी, आणि त्या कट्चं श्रेय मी त्याला दिलं नाही, कशाला द्यायचं? नुसत्या अंगठ्याचं काम ते.

आता रंग. इथे खरी परीक्षा, आणि इथेच, माफ करा, जगात कोणी माझा हात धरणार नाही. लोक फोटोचे रंग कशावरून ठरवतात? चेहऱ्यावरून, आकाशावरून, कपड्यांवरून. वेडे आहेत! चेहरा उन्हात वेगळा, सावलीत वेगळा, रागावला की आणखी वेगळा. दात बदलतो का? आणि त्यातून कवळीचा दात! आमच्याकडे दातांच्या रंगाची एक पट्टी असते, एकेका काडीला एकेक नमुन्याचा दात, दुधी पांढऱ्यापासून ते पार चहा मुरलेल्यापर्यंत. मावशीचा रंग त्यातून मीच निवडला होता. जरा पिवळसर, वयाला शोभेलसा. म्हाताऱ्या माणसाला पांढरेशुभ्र दात लावले की कसं दिसतं? जुन्या भिंतीवर नवा स्विचबोर्ड लावल्यासारखं! मावशी तेव्हा म्हणाली होती, थोडे पांढरे चालले असते रे. मी म्हटलं, मावशी, तुला यातलं कळत नाही. हात बसलाय आपला.

म्हणून मी काय केलं, तीच काडी आणली, मॉनिटरसमोर धरली, फोटोत मावशीचा पुढचा एकच दात मोठा केला, इतका मोठा की स्क्रीनवर दुसरं काही उरलं नाही, आणि बघतो तर काय, पांढराफटक! म्हटलं, बरोबर, कॅमेरा फसला, सावलीत फोटो निळसर येतात. मग रंग हळूहळू पिवळ्याकडे ओढला. अजून थोडा... अजून थोडा... जुळला! काडी कुठली आणि मावशी कुठली ओळखू येऊ नये, असा जुळला. आणि मध्येच ती हिरडीजवळची गोलाई दिसली, काय नाजूक काम होतं ते! हिला हाक मारून दाखवलं, म्हटलं बघ, याला म्हणतात कारागिरी, आहे का कोणाच्या हातात? ही बघत राहिली. मग मी सगळा फोटो दाखवला, तर म्हणते, "अहो, दोघींना कावीळ झाल्यासारखी दिसतेय." मी म्हटलं, चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरे फसवतात, दातांकडे बघ. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात आईला खोकल्याची उबळ आली आणि ही पाणी आणायला गेली ती परत आलीच नाही.

मोठा छापून आणला. फोटोवाल्याने तो गुंडाळायच्या आधी हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठे ॲडमिट आहेत?" अहो, लिंबं हो! दोन हसणारी लिंबं! मी त्याच्याशी भांडलो, तुझी शाई खराब, तुझा कागद खराब. त्याने मला त्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला, तर तिथेही पिवळा. म्हणजे रोग माझ्याच घरचा. घरी आलो, मॉनिटरची सगळी बटणं फिरवून झाली, वायर बदलली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, मी सांगत होतो ग्राफिक्स कार्ड घ्या. सल्लागार म्हणाला, मी सांगत होतो तयार घ्या. मावशीचं विमान दुसऱ्या दिवशीचं. आणि मी, ज्याच्या हातून एक कवळी कधी परत आली नाही, तो मी अख्खा कॉम्प्युटर खोलून, स्क्रू वेगळे, वायरी वेगळ्या, पांढऱ्या कापडावर मांडून बसलो. पुन्हा पुसला, पुन्हा लेप लावला, पुन्हा जुळवला, या वेळी कट्सुद्धा मीच केलं, आणि चालू केला. लिंबं तशीच. खरं सांगतो, माझा धीर सुटत आला होता. तो लॅपटॉप बरा, म्हटलं, निदान आशा तरी होती.

तेवढ्यात मावशी आली, बॅगांसकट, शेवटची रात्र बहिणीकडे काढायला, सल्लागारच गाडीतून घेऊन आला. तिने तो छापलेला फोटो पाहिला. माझ्या हातातली काडी पाहिली. मॉनिटरवरचा तो अवाढव्य दात पाहिला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"बाळ, त्या कॉम्प्युटरला उगीच छळू नकोस. ते दात तुझे नाहीत."

माझी दातखीळ बसली. ती बोलत राहिली, तुझी कवळी टोचायची रे, हिरड्या सोलून निघायच्या, पण तू इतक्या हौसेने केलेली, तुला सांगायचं कोणत्या तोंडाने? मग तू समोर असलास की तुझी घालायची, जेवायला बसलं की काढायची, आणि शेवटी चौकातल्या नव्या दवाखान्यातून दुसरी करून घेतली. ऐकताय ना? दाखवायचे दात माझे आणि खायचे दात दुसऱ्याचे! हत्तीचं ऐकलं होतं, सख्ख्या मावशीचं पहिल्यांदा ऐकलं. आणि मी विचारलं काय? दुखत होतं का? नाही. मी विचारलं, रंग कुठला घेतलास? तर मावशी एकदम खुलून म्हणाली, "सगळ्यात पांढरा!"

म्हणजे कॉम्प्युटर बरोबर. मॉनिटर बरोबर. कॅमेरा बरोबर, फोटोवाल्याची शाई बरोबर. हे जग बरोबर चाललं होतं आणि मी त्याला काडी लावत बसलो होतो. पण मी हार मानणारा नव्हे. म्हटलं ठीक आहे, मावशीचे दात सोडून देऊ, आईचे तर माझेच आहेत ना? आईच्या दातांवरून रंग लावतो, त्यात काय, हात बसलाय... आणि मी आईकडे वळलो.

आईने तोंड मिटलं. असं मिटलं, जसं दुकानाचं शटर ओढतात.

कॉम्प्युटरचे दिवे तेवढे लाल, हिरवे, जांभळे चालले होते. शेवटी सल्लागार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दाजी, दोघींचं एकदम केलं तर सूट होती." म्हणजे दवाखान्यात नेणारी गाडी यांचीच! आणि हिला ठाऊक! म्हणजे घरात ठाऊक नसलेला माणूस कोण, तर ज्याच्या धंद्याचा प्रश्न आहे तो! मग आईनेच सांगितलं सगळं. त्या दुपारी दोघी नव्या कवळ्या बसवूनच घरी आल्या होत्या. मी घरी नसेन, येऊन गुपचूप बदलू, असा बेत. तर दार मीच उघडलं. "आम्ही म्हटलं, संपलं," आई म्हणाली, "आता हा ओळखणार. आणि तू कॅमेरा घेऊन म्हणतोस, हलू नका, तशाच थांबा. मग तर आम्हाला हसू आवरेना रे."

रागवायचं होतं मला. अगदी तोंडावर आलं होतं. पण समोर तो फोटो होता ना... दोघी बहिणी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना. त्यांना कुठे दुखत नव्हतं, म्हणून तशा हसत होत्या. माझ्या कवळीने हे हसू कधी येऊ दिलं नसतं, हे मलाही दिसत होतं, मॉनिटर चांगला घेतला होता मी. मला रडू आलं, मी म्हटलं दिव्यांचा त्रास होतोय.

मूळ फोटो पुन्हा उघडला. रंग पहिल्यापासून बरोबर होते, काही करायचीच गरज नव्हती. पण ते दुसऱ्याच्या हातचे पांढरेशुभ्र दात तसेच्या तसे छापायचे, आणि तेही मी? शेवटी एक बटण दाबलं आणि फोटो काळापांढरा करून टाकला. म्हटलं, आता लावा काय रंग लावायचा तो. मावशीला इतका आवडला, की तिने तो सामानात न टाकता विमानात मांडीवर धरून नेला.

एक प्रत आमच्याही भिंतीवर आहे. आणि तुम्हाला सांगतो, काळापांढरा केला तर दात आणखीच पांढरे दिसायला लागले! येणारा प्रत्येक माणूस आधी तेच बघतो. परवा आमचे दाताचे डॉक्टर आले होते, फोटोसमोर उभे राहिले, चष्मा वर केला, म्हणाले, "वा! काय सुरेख काम आहे! हे तुम्हीच केलंत ना?"

मी म्हटलं, नाही हो, मी फक्त कॉम्प्युटर केलाय.